सापघरातली रांगोळी

मी स्वभावाने संशयी. दुसरं कुणी म्हणायच्या आत मीच सांगून टाकते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आठ दिवसांत ओळखलं. म्हणाल्या, ही पोरगी दुधाला भांडं लावायच्या आधी गवळ्याच्या बोटांकडे बघते. खरंच बघायची मी. मापात बोटं बुडवून दूध कमी घालणारा गवळी माहेरी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला, मग बघायचं नाही तर काय करायचं? संशयाने माझं पुष्कळ वेळा भलंच केलं. एकदा मात्र केलं नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचे हे तेव्हा कर्जतला सापघर सांभाळायचे. मुंबईत सर्पदंशावरचं औषध करणारी एक प्रयोगशाळा होती, तिला विष काढायला जिवंत नाग लागायचे. डोंगराकडचे कातकरी ते धरून आणायचे. नाग आमच्याकडे पंधरा-वीस दिवस राहायचे, खाऊनपिऊन ठणठणीत झाले की गाडीने मुंबईला जायचे. स्टेशनाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला पत्र्याची एक लांब खोली होती, ते सापघर. त्याला लागून दोन खोल्या, ते आमचं बिऱ्हाड. मध्ये एक भिंत. माझी माहेरची माणसं घरी यायची ती उभ्या उभ्या चौकशी करून निघायची, पाणीसुद्धा प्यायची नाहीत. मला त्याचं काही वाटत नसे. नाग पेटीत असतो, त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. माणसाचं तसं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेलेल्या दोन खेपा वाईट पोचल्या. नाग सुकलेले, मान टाकलेले, दोन तर वाटेतच मेलेले. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं. तिसरी खेप न्यायला ते स्वतः येणार होते. सात नाग धडधाकट मिळाले तर बरं, नाहीतर कर्जतचं सापघर बंद करून दुसरीकडे सोय करायची, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. सापघर बंद म्हणजे ह्यांची नोकरी बंद, आणि खोल्या नोकरीच्या म्हणून डोक्यावरचं छप्परही जाणार. हातात तीन आठवडे होते. आणि नेमके तेव्हाच हे हिवतापाने आडवे झाले. सकाळी जरा डोळे उघडावे, दुपारी हुडहुडी भरावी, चार गोधड्या घातल्या तरी खाट हलायची. सापघराचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम तसं फार नव्हतं. आंब्याच्या फळ्यांच्या सात पेट्या, वर जाळीची झाकणं, आत भाताचा पेंढा, आणि कोपऱ्यात पाण्याची मातीची परळ. लांब चिमट्याने परळ ओढायची, पाणी बदलायचं, बेडूक किंवा उंदीर सोडायचा. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सातही नाग पेंढा सोडून पाण्यात बसलेत. नुसतं नाक वर. बेडूक त्यांच्या अंगावरून उड्या मारत होता आणि ते ढिम्म. उन्हाळा असता तर समजलं असतं, पण कार्तिक लागलेला, सकाळचं अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं. परळ बाहेर ओढली तर पाण्यावर करपलेल्या खसखशीसारखे ठिपके तरंगत होते. पांढऱ्या फडक्याने पाणी टिपलं. फडक्यावरचे ठिपके चालायला लागले तशी मी फडकं टाकलं आणि हात झटकत बाहेर आले.

बाहेर कातकरीण उभी होती. सातातले पाच नाग हिनेच आणलेले. चाळिशीची असेल, काटकुळी, कपाळावर गोंदण. तिचा नवरा कोळशाच्या भट्टीवर गेलेला असायचा, नाग धरायची ती हीच. चौकच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी, तिथून दोन तास चालत यायची. माझ्या खांद्यावरून तिने आत एक नजर टाकली आणि म्हणाली,

"किडी लागल्यात बाय. म्हनून पान्यात बसल्यात. खवल्याखाली शिरून रगत पितात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. जे मला चार दिवसांनी कळलं ते हिला दारातून कसं कळलं?

"तुला बरं ठाऊक," मी म्हटलं.

"ठाऊक नसाया काय झालं? आमच्या टोपल्यांना बी लागतात."

"मग तूच आणल्यास म्हणायच्या."

ती रागावली नाही, तेही मला खटकलं. "रानातून येकादी येती," ती म्हणाली. "पन तिला घर तुज्या पेट्यांनी दिलंय. फळ्यांच्या भेगा बघ की. तितं अंडी घालतात त्या."

मग तिने उपाय सांगितला. नाग काढून कोऱ्या मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून, कारण मडक्याला भेग नसते. जुना पेंढा जाळायचा. रिकाम्या पेटीच्या भेगाभेगांत कढत पाणी ओतायचं आणि पेटी दोन दिवस उन्हात तापत ठेवायची. नागाला बोटभर कोमट पाण्यात बसवायचं, बाकी त्याला काही करायचं नाही. फार तर डोळ्याच्या कडेला काडीच्या टोकाने खोबरेलाचा थेंब. आणि हे सगळं आठ दिवसांनी पुन्हा. अंडी कढत पाण्यातूनही राहतात, ती फुटली की तेव्हाच्या तेव्हा मारायला लागतात, नाहीतर पहिलं धुणं फुकट.

ऐकायला ठीक होतं. पण मी हिशेब मांडला तो वेगळाच. नाग मेले तर नवे कोण आणणार? हीच. जितके मरतील तितकं हिचं काम वाढणार. आणि ही म्हणते पेट्या उघड, नाग माझ्या मडक्यात घाल. कुठेतरी पाणी मुरतंय, मी ठरवून टाकलं. तिला म्हटलं, माझ्या पेट्यांना हात लावायचा नाही, आमचं आम्ही बघून घेऊ. ती ओठाचा कोपरा दाबून हसली आणि घरात ह्यांची विचारपूस करायला गेली. मी चूल पेटवायला परसात गेले. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही याचंच मला दिवसभर लागून राहिलं.

त्यानंतर ती दुपारची दिसायला लागली. नेमकी माझ्या भाकऱ्यांच्या वेळेला. कधी नदीकडून येताना, कधी सापघराच्या मागच्या अंगाला. एकदा तिच्या हातात बादली होती आणि बादलीतून वाफा येत होत्या. बाई वाडीवरून दोन तास चालत येते, तिच्या बादलीत कढत पाणी कुठून? कसला तरी काढा असणार असं मी धरलं. पुढे कळलं की खोपोलीच्या गाडीचं इंजिन दुपारी स्टेशनात उभं असायचं आणि ड्रायव्हर तिला त्यातून पाणी सोडून द्यायचा. मी स्टेशनावर जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण संशयी माणूस विचारत नाही, तो सापळा लावतो.

मी रांगोळी काढली. म्हणजे काढली नाही, पिठाच्या चाळणीतून सापघराच्या उंबऱ्यावर आणि आत दोन हात जमिनीवर पसरली, पातळ, एकसारखी. कडीला काळा दोरा बांधला. लोक दारात रांगोळी घालतात ती लक्ष्मी यावी म्हणून, मी घातली ती चोर कळावा म्हणून, आणि खरं सांगते, तेव्हा मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या उरकून गेले तर दोरा तुटलेला. रांगोळीत अनवाणी पावलं, रुंद, अंगठा बाजूला गेलेला, आत जाणारी आणि बाहेर येणारी. बाहेर येणारी जास्त खोल उमटलेली, हातात ओझं असल्यासारखी.

आत तीन पेट्या जागेवर नव्हत्या. मागे नदीच्या खडकावर त्या पालथ्या पडलेल्या, ओल्या आणि रिकाम्या. नाग नव्हते, बाईही नव्हती. खडकाशेजारी जळक्या पेंढ्याचा काळा डाग. माझ्या पायाखालची वाळू सरकली. सातातले तीन गेले, डॉक्टर यायला नऊ दिवस. घरात येऊन पाहिलं तर हे गोधडीत कुडकुडत होते, दात वाजत होते. त्यांना काय सांगणार? म्हटलं, उरलेले चार तरी आपल्या हाताने वाचवू. हिच्यावाचून काही अडत नाही हे दाखवूच.

आणि त्याच दुपारी मलेरियावाले आले. स्टेशनाच्या चाळीत घरोघर ताप होता म्हणून पंप आणि पांढऱ्या पावडरीचे डबे घेऊन फवारत फिरत होते. त्यांनी आमच्या दोन्ही खोल्या फवारल्या. मी चहा केला आणि विचारलं, "ह्या पावडरीने बारीकसारीक किडे मरतात का हो?"

"डास, ढेकूण, पिसवा, काय वाटेल ते," त्यातला एक म्हणाला. "नावाला उरत नाही."

अर्धा डबा मी मागून घेतला. कशासाठी ते सांगितलं नाही. सापघराचं नाव काढलं असतं तर त्याने कदाचित हात जोडून थांबवलं असतं. पण आपल्या घरची गोष्ट परक्याला कशाला सांगा, हा माझा नेम.

चाळणी तीच घेतली, रांगोळीची. उरलेल्या चार पेट्यांच्या जाळीवर धरली आणि हलवली. पेंढ्यावर, फळ्यांवर, पाण्यात, नागांच्या अंगावर सगळीकडे सारखी पांढरी पावडर बसली. हात माझा सराईत. नागांनी फणा काढून फुत्कार केले, मग पुन्हा पाण्यात जाऊन बसले, त्याच पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी किडे मेले होते. फडक्यावर एकही ठिपका हलेना. मला इतका आनंद झाला की मी चुलीपाशी एकटीच हसले. दुपारी गेले तर पहिल्या पेटीतला नाग थरथरत होता. मान उचलायचा आणि ती एका बाजूला पडायची, पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायची. मग तो पोटाकडून उलटा झाला आणि त्याला सरळ होता येईना. मी सापाला भ्यायची नाही, पण ते बघून भ्याले. चिमट्याने परळ ओढून ताजं पाणी सरकवलं. त्याचा काय उपयोग? दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही गेले. मी राखेने हात घासले, पुन्हा घासले, आणि डबा नेऊन विटांच्या ढिगामागे ठेवला.

ह्यांचा ताप त्या दिवशी उतरला होता. खाटेवर उठून बसले होते, पेज मागत होते. मी सांगितलं की कातकरणीने तीन नाग पळवले.

"पळवले कसले?" ते म्हणाले. "मीच सांगितलं तिला. तीन आधी ने, मग चार ने. सगळ्यांना पुरतील एवढी मडकी नव्हती तिच्याकडे."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

उत्तर आम्हां दोघांना ठाऊक होतं.

"बाकीचे चार कसे आहेत?"

"मेले," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "कशाने?"

इथे मी काय बोलले ते मला शब्दनशब्द आठवतं. म्हटलं, "मला काय ठाऊक. रोज दुपारची येत होती. बादलीत काय काय आणत होती. तिच्या पावलांचे ठसे आहेत आत, हवं तर बघा." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पण मी त्यांना फसवलं, चांगलं ठरवून फसवलं.

हे म्हणजे अगदी भोळा माणूस. गवळ्याला माप आपणच बघून ओत म्हणणारे. त्यांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्याकडून असं होईलसं वाटलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या वाडीच्या माणसाबरोबर त्यांनी निरोप धाडला, डॉक्टर येतील त्या दिवशी तीन नाग आणून दे, आणि त्यानंतर इकडे येऊ नकोस. मी ऐकत होते. तिच्या घरची चूल ह्या कामावर चालते हे मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही.

डॉक्टर सोमवारी सकाळच्या गाडीने आले. मेलेला नाग टाकायचा नाही, स्पिरिटच्या बरणीत ठेवायचा असा नियम होता. हे गोधडी पांघरून खुर्चीवर बसले. डॉक्टर अंगणात टेबल मांडून एकेक नाग बघायला लागले. तेवढ्यात कातकरीण आली. कावडीला तीन मडकी टांगलेली, तोंडाला फडकी बांधलेली. तिने ती अलगद उतरवली आणि एकाचं फडकं सोडून काठीने जरा टोकलं. नाग सरसरून उभा राहिला, पुरा फणा काढून. नुकती कात टाकलेला, अंग तुकतुकीत. डॉक्टरांनी तिन्ही पाहिले, मडक्यात पांढरं फडकं फिरवून पाहिलं. ठिपका नाही.

मग ते टेबलाकडे वळले. एका मेलेल्या नागाचं खवलं त्यांनी सुईने उचललं, खालून पांढरं काढलं, बोटावर चोळलं, हुंगलं.

"ही पावडर कोणी घातली?" त्यांनी विचारलं. "किड्यांबरोबर सापही मरतो हिने. कोणी घातली?"

कातकरणीने माझ्याकडे पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, एवढं मी सांगू शकते. ती मात्र बोलली नाही. बोलले ते हे. खुर्चीत पुढे सरकून, बोट तिच्याकडे करून म्हणाले, "साहेब, ही बाई दुपारची आत शिरत होती. हिच्या पावलांचे..."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. उभ्या जन्मात कुणाबद्दल वाकडं न बोललेला माणूस, आणि आता डोळे बारीक करून, मान तिरकी करून, हुबेहूब माझ्यासारखा बोलत होता. ते बघून मला जी शिसारी आली ती किड्यांनीही आली नव्हती.

"मी घातली," मी म्हटलं. "पावडर मी घातली. तिने काही केलं नाही. डबा विटांच्या मागे आहे."

ह्यांनी बोट खाली घेतलं. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही. डॉक्टर मात्र ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, हा हंगाम चालू ठेवतो. पेट्या ही सांगेल तशाच धुवायच्या. हिने नाही म्हटलं तर सापघर बंद." ते तीन नाग घेऊन गेले. कातकरीण रिकामी मडकी उचलून केव्हा गेली ते मला दिसलंच नाही. तिला थांब म्हणायचं होतं. लाज वाटली.

डॉक्टर गेल्याला आठ दिवस झाले. पेट्या धुवायच्या होत्या आणि ती आली नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग उठले आणि वाडीची वाट धरली. तिचं खोपटं टोकाला होतं. दाराशी पोचले आणि पाऊल टाकल्यावर खाली पाहिलं. उंबऱ्यावर राख पसरलेली होती, पातळ, एकसारखी. माझं पाऊल तिच्यात ठसठशीत उमटलं.

ती आतून म्हणाली, "तूच ना? आठ दिस झाले पसरते. म्हटलं, बघू येती का, आन आली तर कुटवर येती."

"चल गं," मी म्हटलं. "पेट्या धुवायच्यात. माझं चुकलं."

ती बाहेर आली. चुकलं म्हटल्यावर माणसं म्हणतात तसं जाऊ दे वगैरे काही ती म्हणाली नाही. "आदी हात दाखव," म्हणाली.

मी हात पुढे केले. तिने दोन्ही हात धरून पालथे केले, उताणे केले, नखांत बघितलं आणि नाकाशी नेऊन हुंगले. शेजारच्या खोपटातल्या बाया दारात येऊन बघत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण हात ओढून घ्यायचं तोंड कुठे होतं?

"वास नाय," ती म्हणाली आणि मडकी काढायला आत गेली.

पावडर पडलेल्या चार पेट्या तिने ठेवू दिल्या नाहीत. नदीतही टाकू दिल्या नाहीत, लांब माळावर खड्डा करून पुरायला लावल्या, चाळणीसकट. बाकीच्या तीन तिच्यासमोर मी धुतल्या. इंजिनाचं पाणी मी आणलं, भेगा मी शोधल्या, पेंढा मी जाळला. नव्या पेट्या आल्या त्यांच्या फटी आम्ही दोघींनी मेण भरून बुजवल्या.

पुढे सापघर बरीच वर्षं चाललं. दर खेपेला ती यायची, पेटी उघडायच्या आधी माझे हात मागायची आणि हुंगायची. लोकांसमोर, डॉक्टरांसमोर, पुढे माझी सून आली तर तिच्यासमोरही. आम्ही एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावलो, तिच्या लेकीच्या बाळंतपणाला मी दोन रात्री वाडीवर राहिले. तरी हात हुंगणं सुटलं नाही. सुरुवातीला मला ते डागण्या दिल्यासारखं वाटायचं. नंतर नंतर तिची चाहूल लागली की मी आपणहून हात धुऊन पुसून तयार ठेवायची.

तिचे गुडघे गेले तेव्हा ती शेवटची आली, आपल्या सुनेला घेऊन, काम तिच्या हाती द्यायला. सापघर दाखवलं, पेट्या दाखवल्या, आठ दिवसांचा नेम सांगितला. मग माझ्याकडे मान करून सुनेला म्हणाली,

"ही बाय चांगली हाय गं. माज्या जिवाची हाय. पन हात हुंगून घेत जा."

मी हात पुढे केले. सून लाजत होती. "हुंग गं," मी म्हटलं.